निळा कप

जानेफळ, रविवार, संध्याकाळ

सूनबाईनं आज पुस्तकांचं कपाट आवरलं. पाककृतींची जुनी पुस्तकं एकीकडे, माझी दुसरीकडे. एक वही कुठं ठेवावी ते मात्र तिला कळेना. पुढून माझ्या शाळेतल्या कविता, मागून हिच्या पाककृती. ही गेल्याला पाच वर्षं झाली. कविता अजून पाठ आहेत, पाककृती आजच वाचल्या.

"बाबा, पाटोडीले निळा कपभर बेसन लिवलं आईनं. पानोपानी निळा कपच! केवढा होता तो? मी तं नुसता अंदाज लावून राह्यली. आईसारखी पाटोडी एकदाही जमली नाही."

सांगावं का? निळा कप पाच वर्षं माझ्या दाढीच्या सामानात आहे. हिचा म्हणून उचलला होता, की हाताशी होता म्हणून? आता आठवत नाही.

शेवटी आणून दिला.

"काऊन सांगतलं नाही बाबा? आईच्या कपात दाढीचा साबण!"

तिनं तो तीनदा घासला. मग पाटोडी केली. चव तीच, अगदी तीच.

कप आता स्वयंपाकघरात, वहीशेजारी. उद्या दाढी कशात करायची, हे कोणी विचारलं नाही.