जागा धरून ठेवली आहे

गुरुवार, २५ डिसेंबर
आली बापा एकदाची! दिग्रसहून फुलसावंगीपर्यंत एसटीनं, पुढं डोंगरावर काळीपिवळीत कोंबून. नाताळच्या सुट्ट्या, त्यात या जंगलातल्या तंबूच्या मैदानावर अर्धं यवतमाळ लोटलेलं. शाल्मलीनं नागपूरहून फोनवर सांगितलं होतं, आई, बुकिंग संपलं, राहू दे. राहू कायले देऊ? तिचे बाबा गेल्यापासून घरात बोलाले माणूस नाही. लेक दोन दिवस माह्याजवळ राहीन म्हणते, न मी जागेपायी मागं हटू? एसटीत म्हणा, पंगतीत म्हणा, जन्मभर रुमाल टाकून जागा मीच धरली सगळ्यांची.

चौकीदार हिरासिंग म्हणे, तंबूचे ओटे सारे भरले; रिकामा दिसला तर बसा, पण उठले की जागा गेली. फिरता फिरता पार कडेले, मोहाच्या झाडाखाली, एका ओट्यावर म्हातारी एकटीच बसलेली दिसली. मैनाबाई नाव. मले जागा मिळन का विचारलं, तर तिचे डोळेच भरले. बस वो माय, मी जाऊन येतो म्हणाली न तरातरा निघाली. पिशवीही नेली नाही. मी चटई टाकली. तंबू घेऊन शाल्मली रविवारी येईन. लय मस्त वाटून राह्यलं.

शुक्रवार, २६ डिसेंबर
मैनाबाई काही आली नाही. रात्री थंडी कशी वाजली नाही, कोण जाणे. शेजारच्या ओट्यावर रोडगे न वांग्याच्या भाजीचा बेत. मी आपली हसून बोलाले गेली, तर हूं नाही की चूं नाही. आपल्याकडं अनोळखी माणसालेही 'या जेवाले' म्हणतात, न हे लोक! त्यांचा चेंडू माह्या मांडीजवळ आला. एकानं येऊन उचलला, पण माह्याकडं पाह्यलंही नाही. मोठे शहाणे!

दुपारी नयन न अर्पिता नावाचे नवराबायको जागा शोधत आले. तेवढे दोघंच गोड बोलले. मावशी, तुम्ही फिरून या, आम्ही बसतो म्हणत होते. मी बरी देईन! लेक येऊन राह्यली म्हटलं न लावलं वाटेले.

धपाटे तसेच आहेत. भूकच नाही.

शनिवार, २७ डिसेंबर
फोनले रेंज नाही, म्हणून खालच्या फाटकाकडं निघाली. सरळ रस्ता. पोचली ती ओट्यावरच. पुन्हा गेली. पुन्हा ओटाच. मले रडू आलं.

हिरासिंग येऊन माह्या पुढ्यात, ओट्याखाली जमिनीवर टेकला, तंबाखू मळत. त्याच्या कानात ओरडली. हात धरला. माशी हाकलावी तसा झटकला त्यानं.

आता समजलं. ज्याले जागा मिळाली, त्याले मी दिसत नाही. जो जागा शोधत फिरते, त्यालेच दिसते. मैनाबाई मले दिसली, तशी. माह्या जागी कोणी बसलं तर मी सुटीन, न बसणारा अडकन. त्या दोघांले हो म्हटलं असतं तर — छे! काय लिहून राह्यली मी.

पण उद्या शाल्मली येईन. तिले जागा नाही.

देवा, गाडी बंद पडू दे तिची. सुट्टीच नको मिळू देऊ तिले.

रविवार
आली. लांबूनच हात हलवत. एवढ्या माणसांत तीच एक माह्याकडं पाहून राह्यली.

नको, नको म्हणून हात केले. तिले वाटलं, बोलावून राह्यली मी.

गळ्यात पडली. किती दिवसांनी कोणी —

म्हणते, काय अवतार केला आई. थकली तू. जा, तोंड धुऊन ये, मी बसते.

तोंड उघडलं न 'हो' निघालं तर? म्हणून लिहून राह्यली. वही दाखवली तिले. हसली. म्हणे, कोरी तर आहे.

नाही. शाल्मली, नाही.

बूट काढून राह्यली ती. चटईवर टेकली —

माहे पाय उठून राह्यले, आपोआप, इतके हलके — ऊठ बाई, ऊठ, मी हो नाही म्हटलं, मी नाही —