सुयांचं रान

४ फेब्रुवारी
आज बुडबुडे सुटले! आणि किती! निकेलची एवढीशी जाळी क्षाराच्या पाण्यात उभी केली, वीज सोडली, आणि तिच्या अंगावरून हायड्रोजनचे पांढरे धागे वर निघाले. इतक्या कमी विजेवर एरवी दोन-चार मणी सुटतात. सर मागे कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. नुसता चष्मा पुसत राहिले.

५ फेब्रुवारी
इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जाळी पाहिली. भट्टीत रात्रभर शिजवून तिच्यावर उगवलेल्या सुया — केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक — पडद्यावर मात्र धुक्यातलं रान! दुपारभर त्यात हिंडत होते. जेवायचं राहूनच गेलं.

८ फेब्रुवारी
नवऱ्याचा फोन. तिकडच्या घरात कपाटाची माझी बाजू अजून रिकामीच आहे. आमचं ठरलंय — परिषदेपर्यंत सुयांनी काम केलं तर मी इथे, नाहीतर गाशा गुंडाळून त्याच्याकडे. बुडबुड्यांचं सांगितलं. छान, म्हणाला. मग आम्ही हवापाण्याचं बोलत राहिलो.

१५ फेब्रुवारी
बुडबुडे रोज वाढतायत. सर भाषणाच्या तयारीत. निवृत्तीआधीची शेवटची परिषद. चालताना शीळ घालतात!

१६ फेब्रुवारी
झोपेत पाण्याखाली होते. सुयांच्या रानात. प्रत्येक टोकावर एक चंद्र फुगत होता, सुटत होता. जागी झाले ती एका प्रश्नाने — रोज वाढतात कसे? वापरली की वस्तू झिजते. ही उलट तरणी होतेय!

१९ फेब्रुवारी
पाण्यात जाळीसमोर लावलेली तार प्लॅटिनमची आहे. विजेचा रस्ता पुरा करायला लागते, एवढंच तिचं काम. पण तीच विरघळून कणाकणाने सुयांवर बसत असेल तर? प्लॅटिनम कुठेही बसो, बुडबुडे काढणारच. त्या महागड्या धातूपासून सुटका व्हावी म्हणून तर हा सगळा खटाटोप! सरांना अजून सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी
तारेच्या जागी कार्बनची कांडी लावली. जाळीही नवी. बुडबुडे आले, पण विरळ. जुन्या जाळीच्या तपासणीत प्लॅटिनमचे कण सापडले. उसनं अवसान होतं सगळं.

२५ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. त्यांनी भाषणाचे कागद पुढे ओढले. मग म्हणाले, "परिषदेत हेच सांगेन. तारेसकट." आणि जरासे हसून, "निदान लोक जागे तरी राहतील."
मला रडू आवरेना. पाण्याचा पेला पुढे सरकवत म्हणाले, घरी जा आता. नवऱ्याच्या घरी म्हणायचं होतं त्यांना. आमचा करार त्यांना ठाऊक आहे.

२७ फेब्रुवारी
खोलीवर बॅगा भरल्या. नवरा तिकडची भिंत रंगवायला काढतोय, रंग कोणता हवा विचारत होता. काय सुचेल ते सांगितलं.
जायच्या आधी काचसामान धुऊन ठेवावं म्हणून प्रयोगशाळेत गेले. नवी जाळी चालूच होती. तिच्यापुढे बसले. एक बुडबुडा. मग जरा थांबून दुसरा. ना घाई, ना दमणं. साध्या निकेलपेक्षा जास्तच — आणि सगळे तिचे स्वतःचे. उन्हं कलली तरी उठवेना.

२८ फेब्रुवारी
फोन केला. येत नाही म्हटलं. सुयांनी काम कुठे केलं, असं त्याने विचारलं. रागाने नाही.
"फारसं नाही केलं," मी म्हटलं. "पण आता त्या खरं सांगतायत."
तिकडे रंगाचा डबा बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला,
"तुझ्या खोलीत दोन माणसं मावतील का?"