गुरुवारचे सात फोटो

३ मार्च, सोमवार

सगळ्यांत आधी आल्या त्या खोकलेबाई! पाहुणे माझे, गाडी थांबली माझ्या दारात, आणि वरच्या मजल्यावरून खोकत खोकत ह्या आधी हजर. हातात रिकामी वाटी. साखर मागायला म्हणे. मला काय कळत नाही का! मग लेक आली, दोन्ही हातांत पिशव्या, आणि आल्या आल्या वर बघून म्हणाली, "आई, पंखा किती घाण झालाय गं!" बसली नाही, पाणी प्यायली नाही, थेट पंखा. माझीच लेक. शेवटी आली नात— भिंगरी. लहानपणी स्वतःभोवती गरागरा फिरून धपकन पडायची म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. आता सव्वीस वर्षांची घोडी झाली, नाव तेच.

दाराशी तीन जोड चपला दिसल्या आणि घर कसं भरून आलं. आनंद किती झाला ते लिहायला चौथीच्या पुढे शिकायला हवं होतं मी.

बातमी तर मोठीच. भिंगरीला नोकरी लागतेय— रुग्णवाहिका चालवायची! मला सायकलसुद्धा आली नाही कधी. खोकलेबाई म्हणाल्या, "बाईमाणसाला झेपेल का हो ते?" भिंगरी म्हणाली, "मावशी, खोकला वाढला की फोन करा, मीच येईन तुम्हाला न्यायला." वाटी न भरताच गेल्या!

पण एक घोटाळा आहे. नोकरीवाल्यांना वाहतूक कचेरीचं पत्र हवंय, की बाईचा काही दंडबिंड बाकी नाही. ही गेली मागायला, तर तिथे म्हणाले, तुम्ही चालवता त्या गाडीवर भरधाव चालवल्याचे सात दंड आहेत, आणि एकाही नोटिशीला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. शुक्रवारपर्यंत पत्र दिलं नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार.

आता गाडी माझ्या नावावर. ह्यांनी हौसेनं घेतली तेव्हा "मालकीणबाई" म्हणून माझंच नाव घातलं. चालवते भिंगरी, असते तिच्याकडे. म्हणून माझ्याकडे आलेत— गाडीचे कागद बघायला. मला बघायला नव्हे. असू दे. आलेत ना!

४ मार्च, मंगळवार

सकाळी कागदांचा डबा काढला. त्यात ह्यांचा जुना चष्मा निघाला, एक बटण, विम्याच्या पावत्या, आणि लेकीचं तिसरीतलं प्रगतिपुस्तक. गणितात नापास! ते तिला दाखवलं. ती म्हणाली, "आई, आत्ता नको." मला हसू आवरेना. मग भिंगरीनं फोनवर सरकारचं पान उघडलं, गाडीचा नंबर घातला. आली सात ओळींची यादी. प्रत्येक ओळीला फोटो.

पुलाच्या आधी खांबावर तो डोळा बसवलाय ना, त्यानं काढलेले. सातही एकाच जागचे. सातही गुरुवारचे. दुपारी पावणेपाचच्या आगेमागे. मागच्या वर्षीचे, एप्रिल ते जून.

मी ओळखलं लगेच. 

हे दवाखान्यात होते तेव्हाचे. इतर दिवशी मी बसनं जायचे. गुरुवारी भिंगरीची सुट्टी, ती गाडी घेऊन यायची मला न्यायला. भेटायची वेळ पाचपर्यंत. पाच वाजले की ती जाड नर्सबाई दार लावून घ्यायची, देव आला तरी उघडत नसे. भिंगरी चारलाच खाली येऊन थांबायची. आणि मी? आधी हे कपडे, मग ते कपडे, मग चष्मा सापडेना, मग जिन्यात खोकलेबाई. खाली हॉर्न वाजतोय, आणि मी त्यांच्या सुनेचं ऐकत उभी! गाडीत बसले की मग, "उडव गं, उडव! पाच वाजतील!" ती उडवायची.

लेक म्हणाली, "पण नोटिसा गेल्या कुठे? नंबर कोणाचा दिलाय?"

"आजोबांनी आजीचाच दिला असेल," भिंगरी म्हणाली.

मी म्हटलं, "चहा टाकते."

५ मार्च, बुधवार

चोर उडवले होते ना मी! तेच ते. आता आठवलं.

बँकेतल्या चष्मेवाल्या बाईंनी शिकवलं होतं मागच्या वर्षी. "आजी, अनोळखी मेसेज आला, त्यात पैसे भरा लिहिलं असलं, खाली निळी रेघ असली, की चोर समजायचा. उघडायचा नाही. पुसून टाकायचा. अनोळखी फोन उचलायचा नाही." काय कौतुक केलं त्यांनी माझं, पहिल्यांदा पुसला तेव्हा! मग मी काय, सुटलेच. आला की पुसला. पुसला की वहीत लिहिला. मागच्या वर्षीची वही काढली आज. हे बघा—

"आज एक चोर उडवला. गाडीचं नाव घेऊन आला होता. लबाड!"

"तिसरा चोर. ह्यांना दवाखान्यात सांगितलं. हे म्हणाले, तू आता पोलिसांत भरती हो."

हे हसले होते तेव्हा. नळ्या लावलेल्या, तरी हसले. त्या हसण्यासाठी मी अजून दहा पुसले असते.

वही मिटणार होते. पण पान उलटलंच. १३ जून, गुरुवार. ते पान मी वर्षभर उघडलं नाही. आज वाचलं. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण ते पान मला पाठच आहे—

"अनोळखी नंबर दोनदा वाजला. दोनदा कापला. चोर दमला! मग भिंगरी आली न्यायला. आज हॉर्नसुद्धा नाही. गाडी अशी चालवली जशी बैलगाडी. प्रत्येक सिग्नलला थांबली, म्हातारीकोतारी सगळी जाऊ दिली. मी ओरडले तरी ढिम्म. पोचलो तर नर्सबाई म्हणाल्या, आत्ताच गेले हो. आत्ताच! दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर हात धरला असता. या पोरीला मी कधी माफ करणार नाही."

सात गुरुवार भरधाव, आणि आठव्या गुरुवारी हिला नियम आठवले. हेच सलत होतं. वर्षभर मी तिच्याशी बोलते, खायला करते, पण वरवरचं. तिच्या गाडीत बसले नाही त्यानंतर. गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे काय, छान आहेत.

आत्ता ती पलीकडच्या खोलीत कागद लावतेय आणि शीळ घालतेय. ह्यांच्यासारखीच, अर्धी हवाच.

सांगायला हवं. उद्या सांगते. नको, आत्ताच.

जेवताना सांगितलं. लेकीनं कपाळावर हात मारला. "आई! सात? सातच्या सात?" भिंगरीनं आधी घास खाली ठेवला. मग हसायला लागली, अशी हसली की ठसका लागला. म्हणाली, "आजी, तू सरकारला चोर म्हणून पुसलंस!" तिघी हसलो. मग मी एकटीच रडले. लेक म्हणाली, "पुरे आता, आमटी खारट होईल." माझंच वाक्य, मलाच!

६ मार्च, गुरुवार

वाहतूक कचेरीत गेलो. गाडीनं. गुडघ्यांचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

लांबलचक खोली, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, आणि एक यंत्र, त्यातून नंबराची चिठ्ठी निघते. मी दोन काढल्या, एक शेजारच्या म्हाताऱ्याला दिली. खिडकीवरच्या बाईंनी आमचा नंबर पुकारला तर मी आधीच पुढे. रस्ताभर ठरवूनच ठेवलं होतं. म्हटलं, "बाई, गाडी माझी, दंड माझा. मीच चालवत होते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून. "परवाना?"

"घरी राहिला."

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, "आजी, ह्या फोटोत बाजूच्या सीटवर तुम्हीच आहात ना? आणि बोट पुढे करून ओरडताय."

मीच! तोंड उघडं, बोट पुढे, लढाईला निघाल्यासारखी. आणि शेजारी भिंगरी, ओठ घट्ट मिटून, नजर रस्त्यावर. मागच्या खुर्च्यांवरची माणसं हसली. लेक दुसरीकडे बघायला लागली, जणू मी तिची कोणीच नाही.

मग आतल्या साहेबांकडे. वयानं माझ्या जावयाएवढे, टेबलावर पाण्याची बाटली आणि औषधाची पट्टी. भिंगरीकडे बघून म्हणाले, "दंड तुम्ही आज भरालच. पण मी पत्र लिहायचं तर मला एक सांगा. चूक केली, एक वेळ ठीक. सात नोटिसा आल्या आणि तुम्ही ढुंकून बघितलं नाही, हे ठीक नाही. अशा माणसाच्या हाती मी रुग्णवाहिका द्या म्हणून कसं लिहू?"

 भिंगरीनं माझ्याकडे बोट दाखवलं असतं की झालं होतं. दाखवलं नाही.

मीच वही काढली पिशवीतून. सोबत आणली होती, कशी कोण जाणे. म्हटलं, "साहेब, हिला कळलंच नाही कधी. नोटिसा माझ्याकडे यायच्या, मी पुसायचे. हे बघा, तारखेनिशी लिहिलंय."

साहेबांनी वही उघडली, उभी धरली, आडवी धरली. "आजी, हे कोणाला लागतं हो?"

"मला लागतं," भिंगरी म्हणाली. "मीच वाचायला शिकले आजीच्या अक्षरावर. लहानपणी किराण्याच्या याद्या वाचून."

तिनं वही घेतली. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं— १३ जूनही त्याच वहीत आहे!

ती वाचत गेली. पहिला चोर. दुसरा चोर. "तू आता पोलिसांत भरती हो" वाचताना आवाज जरा हलला. साहेब प्रत्येक तारीख पडद्यावरच्या नोटिशीशी ताडून बघत होते, टिक करत होते. सहा झाल्या, सात झाल्या. आणि सातवीच्या पुढचंच पान ते. मी तिचे डोळे बघत होते. डोळे वरून खाली गेले. थांबले. परत वर गेले.

"एवढंच आहे," ती म्हणाली, आणि वही मिटली.

साहेबांनी शेवटी विचारलं, "पण दर गुरुवारी एवढी घाई कसली होती?" ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझी. मी वेळेवर खाली उतरत नव्हते, साहेब. हिनं एकदाही मला लवकर आवर म्हटलं नाही."

साहेबांनी पत्र लिहिलं. जाणूनबुजून टाळलं नाही असं लिहिलं, पण भरधाव चालवलं हेही लिहिलं. खरं ते खरं. आता बघू.

येताना मी पुढच्या सीटवर बसले. पुलाच्या अलीकडे भिंगरीनं वेग कमी केला. खांबावरच्या डोळ्याकडे मी बघितलं. बोलायचं होतं खूप. म्हटलं, "ऊन कमी झालं नाही?" ती म्हणाली, "हो, झालं." झालं आमचं बोलणं!

७ मार्च, शुक्रवार

घेतलं तिला! पण लगेच रुग्णवाहिका नाही. आधी तीन महिने तपासणीला येणाऱ्या म्हाताऱ्यांना घरी सोडायची साधी गाडी, सोबत अनुभवी माणूस. मग ठरवणार. लेक म्हणाली, "म्हाताऱ्यांना सोडायचा अनुभव आहे तिला, आणि ओरडणाऱ्याही चालतील." माझ्याकडे बघत!

वही दिवसभर दिसली नाही. रात्री पाहिली तर भिंगरीच्या उशाशी. मागितली नाही मी. तोंड नव्हतं. पोरीनं काय काय वाचलं असेल. एकदा लिहिलेलं पान फाडता आलं असतं वर्षभरात कधीही, पण नाही फाडलं. का नाही फाडलं? राग जपून ठेवला, दुसरं काय.

८ मार्च, शनिवार

निघाले सगळे. लेकीनं जाताना पंखा पुसला, चार वेळा सांगितलं की अनोळखी फोन असला तरी उचल, फक्त पैशाचं काही बोलू नको. भिंगरी तिच्या खिशातली पेन्सिल माझ्या टेबलावर विसरली. हाका मारल्या, गाडी वळली होती. या वेळी तिनं हॉर्न वाजवला, दोनदा, पहिल्यासारखा.

खोकलेबाई लगेच खाली! "गेले का हो?" वाटी घेऊन. या वेळी भरून दिली.

९ मार्च, रविवार

भिंगरी वही माझ्या उशीखाली ठेवून गेली होती. १३ जूनच्या पानावर, माझ्या मुंग्यांच्या खाली, पेन्सिलीनं—

"आजी, तू वर कपडे बदलत होतीस तेव्हा दवाखान्यातून मला फोन आला. आजोबा तासाभरापूर्वी गेले होते. घाई करायला काही उरलं नव्हतं. तू गाडीत बसून त्यांना आज कोणती गंमत सांगणार ते मला सांगत होतीस. तेवढं तरी तुझं नीट पुरं होऊ दे म्हणून हळू चालवली. नर्सबाईंना 'आत्ताच' म्हणा असं मीच सांगितलं होतं."

आणि पानाच्या अगदी वर माझीच ओळ. अनोळखी नंबर दोनदा वाजला. दोनदा कापला.

गुरुवारी चारला मला फिरायला न्यायला येते म्हणालीय जाताना. मी साडेतीनलाच खाली जाऊन उभी राहणार.