इंदूची उजवी बाजू

धार, १७ जानेवारी १९५२

इंदूला काय झालं कळत नाही. सकाळी वेणी घालत होते. एक बाजू घातली, दुसरी हातात घेतली तर मान कलली. "नीट बस गं," म्हटलं. बसलीच नाही — उजव्या अंगावर पडली, ओल्या धुण्यासारखी. तोंड वाकडं. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती, पण आवाज नाही. सहा वर्षांची पोर, कालपर्यंत दिवसभर टकळी चालू होती.

हे कचेरीला निघाले होते. तसंच तिला खांद्यावर टाकून बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतनी छोटी बच्ची को लकवा नहीं होता. कहीं गिरी होगी." पडली नाही हो. माझ्या हातात तिची वेणी होती.

१८ जानेवारी

तशीच आहे.

२३ जानेवारी

सगळी आळी येऊन गेली. दूधवाली दारातूनच म्हणाली, "बई, छोरी के तो लकवो मारी ग्यो." वैद्यांचं तेल चालू आहे. उजवा हात चोळते तेव्हा तो कुणा दुसऱ्याचाच वाटतो.

इंदूला भूक लागते, ती डावा हात ताटाकडे नेते. सासूबाई हात धरतात. "डाव्या हातानं जेवायचं नाही, बाळ." त्यांच्या मनात वाईट नाही, जन्मभराची सवय आहे. पण पोरीला कळत नाही आपलं काय चुकलं. रडते — तेही एका बाजूनं. मग मी भरवते.

२ फेब्रुवारी

देवासहून भाऊ आला. इंदूला पाहून खालीच बसला. मग म्हणाला, आमच्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत, सुभद्राबाई. मुंबईला पुष्कळ वर्षं अशाच मुलांना शिकवत होत्या. लुळी पडलेली, बोलणं गेलेली मुलं. आता वडिलांच्या बंगल्यात मुलांपुरताच दवाखाना काढला आहे.

हे म्हणाले, "न्या." एवढंच.

देवास, ९ फेब्रुवारी

इंदोरला मोटार बदलून आलो. इंदू सगळी वाट माझ्या मांडीवर.

सुभद्राबाई पन्नाशीच्या, नऊवारी, केस आखूड. त्यांनी हातापायाला हात लावला तो सगळ्यात शेवटी. आधी छातीला नळी लावून कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग विचारलं, "पावसाळ्यात हिला ताप आला होता? गुडघे सुजले होते?"

ताप आला होता, सूजही होती. दोन्ही गुडघे, मग मनगट. वाढतं वय म्हणून शेक दिला होता.

"तुम्हाला कळणं शक्य नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्या तापानं हिच्या हृदयाची एक झडप खराब केली. तिथे रक्ताची बारीक गुठळी झाली, ती सुटली आणि मेंदूत जाऊन अडकली. मोठ्यांना होतो तोच झटका. मुलांना होत नाही असं लोक समजतात. होतो."

मी विचारलं, बरी होईल ना?

"चालेल. बोलेल, मला वाटतं. हात पूर्ण येणार नाही. आणि ताप पुन्हा येऊ द्यायचा नाही, म्हणून सल्फाची गोळी रोज. पण पहिलं वर्ष महत्त्वाचं. रोज यावं लागेल."

खोटं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घटकाभर.

१५ फेब्रुवारी

जेवताना डावा हात वापरू द्यायचा, बाईंनी सांगितलं. इंदूनं आज आपल्या हातानं वरणभात खाल्ला. वहिनीनं तिच्या डाव्या हाताशी वाटी सरकवली.

२६ फेब्रुवारी

परातीत गहू घालतात. त्यात तिची उजवी बोटं पुरायची आणि तिनं ती बाहेर काढायची. बाहेर येत नाहीत. आज तिनं डाव्या हातानं परात उलटली, मला दंडाला चावली. बाईंनी मला तिच्यावर रागवू दिलं नाही. "तिला शिव्या द्यायच्या आहेत, तोंडात शब्द नाहीत. चावेल नाहीतर काय करेल?"

सगळे गहू आम्ही दोघींनी वेचले.

६ मार्च

आजचं आत्ताच लिहून ठेवते.

तिन्हीसांजेला भाऊची मुलं पाढे म्हणत बसली होती. इंदू माझ्याजवळ टेकून. आणि माझ्या कुशीतून आवाज आला — बे एके बे. बे दुणे चार. जड, घोगरा, पण तिचाच. सलग बे दाहे वीसपर्यंत! वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

मी तिचं तोंड हातात धरलं. "इंदू, मी कोण? सांग, मी कोण?" ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. काही नाही.

७ मार्च

बाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही, आनंद झाला. म्हणाल्या, पाठ असलेलं निराळ्या वाटेनं बाहेर येतं. ती वाट शाबूत आहे. आपण तिच्यावरूनच बाकीचं आणू.

समोर बसून त्यांनी सुरू केलं, "बे दुणे—" आणि थांबल्या. इंदू म्हणाली, "चार." असं कितीदा तरी. मग त्याच चालीत, "इंदू खाते—" आणि थांबल्या. खूप वेळ. इंदूच्या कपाळाला घाम आला. "पो," म्हणाली. पोळी.

१३ एप्रिल

हे आले होते. तिच्यासाठी मांडूची चिंच आणली. तिनं डाव्या हातानं घेतली, हसली. ह्यांनी बाईंकडे उभं राहून सगळं पाहिलं — दोन बांबूंना धरून ती पाय ओढत चालते ते. मध्येच बाहेर निघून गेले.

संध्याकाळी ओसरीवर बसलो. विचारलं, "अजून किती?"

"वर्ष तरी, बाई म्हणतात."

"मग हात येईल?"

"पूर्ण नाही."

"मग कशासाठी?"

"बोलायला लागेल ना."

मग म्हणाले, "आईला आता होत नाही. मी एकटा मुलगा. घर ओसाड पडलंय. तिला इथे भाऊंकडे ठेव. तू चल."

"तिला सोडून?"

"मला तिच्याकडे बघवत नाही गं," म्हणाले आणि रडले. लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला. "मी काय करू, तूच सांग," म्हणाले.

मी म्हटलं, "थांबा."

ह्यांनी डोळे पुसले आणि उठून आत गेले.

१४ एप्रिल

सकाळी मोटारीवर सोडायला गेलो. इंदू कडेवर. हे चढायला लागले तशी तिनं हाक मारायला तोंड उघडलं. "बाबा" म्हणायचं होतं. मला कळत होतं, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. तोंडातून आलं — "बे एके बे."

पुन्हा. "बे एके बे." स्वतःच घाबरली.

ह्यांनी ऐकलं. मागे वळून पाहिलं नाही.

११ मे

"बाबा" आलं. स्वच्छ. ह्यांना लगेच पत्र टाकलं.

२९ मे

धारहून उत्तर नाही. भाऊ म्हणतो, "कृष्णराव कामात असतील. मी मध्ये जाऊन येईन."

इंदूला परवा थोडी कणकण आली. बाई दोनदा घरी येऊन गेल्या, छाती ऐकली. उतरली. मी मात्र सारखी तिचे गुडघे चाचपत असते. ती हात झटकते.

८ जून

वटपौर्णिमा. इकडच्या बायकांची अमावास्येलाच होऊन गेली, त्यामुळे वडापाशी आपली चार मराठी घरंच. इंदू तिथवर चालत आली. एका हातानं माझा पदर धरून, उजवा पाय टाकत टाकत. वाटेत एक बाई थांबून बघत राहिली, "हाय राम" म्हणाली. इंदूनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मी फेऱ्या घातल्या, सूत गुंडाळलं. ती पारावर बसून होती. दमली होती, ओठ जरा निळे वाटले. येताना उचलून आणलं.

१४ जून

आज इंदू बाईंच्या मदतीशिवाय वाक्य बोलली. कुणी सुरू करून दिलं नव्हतं. टेबलावरच्या फळीच्या भोकांत खुंट्या बसवता बसवता मान वर करून मला विचारलं, "बाबा कधी येणार?"

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी म्हटलं, येतील. भाऊ सकाळीच धारला गेला आहे, ह्यांना घेऊनच ये म्हणून सांगितलंय.

१७ जून

भाऊ एकटाच परत आला. कृष्णरावांनी दुसरं लग्न केलं. दहा तारखेला, घरच्या घरी. मुलगी बाग गावाकडची, अठरा वर्षांची. भाऊला त्यांनी जेवून जायचा आग्रह केला म्हणे.

इंदूला सांगितलेलं नाही. ती झोपली आहे. उद्या सकाळी बाईंकडे जायचं आहे.