राधाबाईंची जीभ आणि माझी काचनळी

लालबाग,
रविवार, १७ एप्रिल १९६०

तीर्थरूप बुधाजीमामा,

लालबागहून तुमच्या जयवंतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इथे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि तांबडी गाय, तिघांची खुशाली कळवावी (गायीची आधी कळवलीत तरी मामी रागावणार नाही). तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत, समोरच्या खोलीतल्या राधाबाईंकडे त्यांच्या लेकीचा, बकुळाचा विषय काढलास की नाही, काढलास तर मी बोलणी करायला येतो. मामा, विषय काढायला मी तीनदा गेलो. एकदा किती वाजले ते विचारून आलो (माझ्या मनगटावर घड्याळ होतं), एकदा विरजण घेऊन आलो, आणि तिसऱ्यांदा जे झालं ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलोय.

एक तारखेला आपलं राज्य होतंय, मुंबईसकट. त्या दिवशी चाळीच्या पटांगणात पंगत ठरली आहे आणि पापडांचं खातं अर्थातच राधाबाईंकडे. ही बाई मोर्चात लाठीसमोर पदर खोचून उभी राहिलेली, तिला चारशे पापडांचं काय! पण नेहमीच्या वाण्याने दुकान बंद केलं आणि पापडखार नव्या दुकानातून आला. राधाबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गेल्या सालापेक्षा जरा जहाल आहे. चिमूटभर कमी घालू." मी तेव्हा दारातच उभा होतो. बकुळा आत उडदाचं पीठ चाळत होती. तिच्यासमोर आपणही कोणीतरी आहोत हे दाखवायची मला खुमखुमी आली. म्हटलं, "मावशी, जीभ म्हणजे काय माप आहे? मिलच्या लॅबोरेटरीत मी दोन वर्षं हेच करतो. तुम्हाला आकडाच आणून देतो." बकुळाने मान वर करून बघितलं. तेवढ्यावर मी खाराची पुडी खिशात घातली आणि ज्यासाठी गेलो होतो ते विसरून निघून आलो.

आता हे मोजतात कसं ते सांगतो, कारण मामीला वाटतं मी मिलमध्ये बाटल्या धुतो (धुतोही, पण नंतर). एखाद्या वस्तूत खार किती आहे हे तिच्याकडे नुसतं बघून कळत नाही. तिला आम्ल पाजत जायचं आणि ती पुरे कधी म्हणते ते बघायचं. वस्तू तोलून शुद्ध पाण्यात विरघळवायची. त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे, नाव फिनॉल्फथॅलीन (पोस्टमनला वाचायला लावू नका, बिचारा दुखावेल). खार असला की पाणी गुलाबी होतं. मग वर उभ्या टांगलेल्या खुणांच्या काचनळीतून, तिला ब्युरेट म्हणतात, ठरावीक ताकदीचं आम्ल थेंबथेंब सोडायचं. एक हात तोटीवर, दुसऱ्या हाताने खालचा चंबू हलवत राहायचं. गुलाबी रंग गेला की तोटी बंद, किती आम्ल लागलं ती खूण वाचायची, झालं काम. आमच्या खात्यात कापड कॉस्टिक सोड्यात उकळतात, त्या कॉस्टिकचं मी हे दिवसातून आठदा करतो. हात इतका बसलाय की डोळे मिटून करीन. मामा, जवळजवळ तसंच केलं.

आकडा आला नऊ. गेल्या वर्षी आमच्या केमिस्टसाहेबांनी घरच्या पापडांसाठी जुन्या वाण्याचा खार मोजून वहीत लिहून ठेवला होता, तेवढ्याच वजनाला वीस. मी छाती काढून राधाबाईंना सांगितलं की नवा खार निम्म्याहूनही नरम आहे, दुप्पट घाला, वर थोडा आणखी. त्यांनी खाराचा डबा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "शिकलेला माणूस सांगतोय तर घालते."

पीठ कुटतानाच विटकरी झालं. मी म्हटलं, वाळल्यावर उजळेल. गच्चीवर चारशे पापड वाळले आणि आणखी लाल झाले. चाळ कमिटीचे गणपतराव पहिला तळलेला पापड खायला हौसेने बसले, एक घास घेतला आणि उठून मोरीत गेले. परत येऊन त्यांनी एवढंच विचारलं की हा पापड खायचा होता की कपडे धुवायचा. पण मामा, हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पीठ मळून, लाट्या करून बकुळाच्या बोटांची सालं निघाली. दोन दिवस ती खोबरेल लावून हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. मला एक शब्द बोलली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काल साहेबांना आकडा दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "मेथिल ऑरेंज घातलंस का?" नव्हतं घातलं. झालं होतं असं की कॉस्टिकमध्ये गुलाबी गेला म्हणजे खार संपला. पापडखाराची जात वेगळी. त्यात गुलाबी जातो तेव्हा निम्म्याहून जास्त खार पाण्यात तसाच बसलेला असतो, फक्त दिसत नाही. तिथे हे दुसरं औषध घालायचं, पाणी पिवळं होतं, आणि ते नारिंगी होईपर्यंत आम्ल सोडत राहायचं. मी अर्ध्यावर उठलो होतो. साहेब रागावले नाहीत, पण दिवसभर माझ्याकडे बघून हसत होते, ते जास्त लागलं. राधाबाईंना हे सांगायची हिंमत अजून झालेली नाही. मी सध्या मागच्या जिन्याने येतो-जातो.

मामीला नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुमचा,
जयवंत

ता. क. खरं काम राहिलं. मामीच्या हातचे चारशे पापड बोटीने येणाऱ्या कुणाबरोबर तीस तारखेच्या आत पाठवता येतील का? खार मामीच्याच अंदाजाने घालावा. विषय काढण्याचं आता विसरा. त्या दारात मी पुन्हा कुठल्या तोंडाने उभा राहू?

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ. पत्र खिशातच राहिलं होतं. आज साहेबांसमोर पुन्हा मोजलं. गुलाबी नऊला गेला, नारिंगी आला बावीसला. म्हणजे खार गेल्या सालापेक्षा जरा जहाल, चिमूटभर कमी घालायला हवा होता. पुढच्या जिन्याने वर गेलो आणि राधाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अर्ध्यावर उठलास. माझ्या दारातनं पण तीनदा अर्ध्यावरच उठून गेलास, मला काय कळत नाय? आता खाली बस, आणि काय ते पुरं विचार." आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मामा, मी बसलो आणि पुरं विचारलं.

पापड पाठवू नका, नवं पीठ भिजलंय. तुम्ही मात्र पहिल्या बोटीने या. राधाबाईंची अट एकच आहे, लग्नाच्या पापडांचा खार मी मोजायचा नाही. बकुळाने तीच अट आतून पुन्हा एकदा मोठ्याने सांगितली. पापड लाटल्यापासून तिने माझ्यासाठी काढलेला तो पहिला शब्द.