हुकलेले ठोके

मंगळवार, १२ मार्च

दाजी,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. ताईचा गुडघा आता कमी दुखत असेल.

काल सकाळी देवापुढे बसलो, पण मन लागेना. अर्ध्यातूनच उठलो, चपला घातल्या आणि निघालो. कुठे, ते पुढे लिहितो.

आधी पंपाचा अलार्म उशिरा वाजला त्यावरच्या बैठकीबद्दल. "मशीनची नोंद खोटं बोलत नाही, नर्सच डुलकी काढत असणार," असं तुम्ही हॉस्पिटलच्या लोकांना छातीठोकपणे सांगितलंत. मी शेजारीच बसलो होतो, दाजी!

हॉस्पिटलसाठी एका सर्व्हरवर आपण अनेक आभासी मशीन चालवतो, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात जणू अनेक वेगळे संगणक. खरा टायमर तेवढा एकच, पण प्रत्येकीला वाटतं तो आपलाच. एकीची पाळी आली की दुसरी थांबते, आणि आपण थांबलो होतो हे तिला कळतही नाही. म्हणून तेवढ्या वेळात तिच्या घड्याळाचे हुकलेले ठोके तिला परत द्यायचे असतात. त्यात सर्व्हर मंदावतो, म्हणून तुम्ही ते देणंच बंद करायला लावलंत. मी नको म्हणालो, तर माझ्या पूजेअर्चेवरून चिडवत तुम्ही म्हणालात, "गुरुजी, टिकटिक मोजायला ठेवलंय का तुम्हाला?" ऑफिसातले सगळे खो खो हसले.

पेशंटला औषध सोडणाऱ्या पंपावर लक्ष ठेवणारी मशीन अशीच मागे पडत गेली. अलार्म उशिरा वाजला, पण तिच्या स्वतःच्या घड्याळात अगदी वेळेवर! खोलीच्या दारावरचं घड्याळ मात्र बरोबर होतं आणि नर्स आत आल्याची वेळ त्यात पडली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, की बाई उशिरा आली असंच दिसतं. पेशंट वाचला तो तिच्यामुळे, आणि नोकरी जाणार तिचीच? "अलार्म वाजल्या वाजल्या धावले हो मी," ती बैठकीत रडत सांगत होती. तुम्ही मोबाईल बघत होतात.

तुम्ही मला नोकरी दिलीत, हे मी विसरलेलो नाही. ताई फोनवर म्हणाली, "गप्प बस ना रे, माझ्या घरात भांडणं नकोत." तिला काय सांगू? त्या नर्सलाही घर आहेच की.

काल घरून निघालो तो हॉस्पिटलच्या चौकशी समितीकडे, आणि त्यांच्यासमोर मशीन थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू करून दाखवली. शेजारी माझं मनगटी घड्याळ ठेवलं होतं. मशीनचं घड्याळ मागे पडलेलं सगळ्यांनी पाहिलं. नर्सने माझं घड्याळ उचलून माझ्या हातात दिलं.

तिथून ऑफिसात आलो आणि सगळ्या मशीनना त्यांचे ठोके परत मिळतील असं करून ठेवलं. ते पुन्हा बंद करायचं असेल, तर स्वतःच्या हाताने करा. राजीनामा तुमच्या टेबलावर आहे.

तुम्ही ज्याला हसलात तो गुरुजी,
आणि अजूनही तुमचा मेहुणा