‘हात लावू नये’ला हात लावला, त्याबद्दल मामांना

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नुसता कागदावरचा नाही. ही ओळ लिहिण्याआधी मी खरोखरच जमिनीवर पालथा पडलो होतो आणि बराच वेळ उठावंसं वाटलं नाही. ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? थेंब दिवसातून चार वेळा घालताय ना, की दोनदा घालून चारदा सांगताय? डॉक्टरांनी तुम्हांला वाकू नका, शिंकू नका, जड उचलू नका आणि चिडू नका असं बजावल्याचं आईकडून कळलं. यातला चिडू नका हा हुकूम किती दिवसांसाठी आहे ते तिला नक्की सांगता येईना, म्हणून घाईघाईनं लिहायला बसलो. तीन गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस पत्रं कसली लिहितो, असं तुम्ही म्हणाल. पण समोर आलो की मी चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि निघून जातो. परवा रविवारी तेच केलं. तुम्ही विचारलंत, ऑफिसात काय नवीन, आणि मी म्हणालो, काही नाही.

तुम्हांला वाचायची बंदी असल्यामुळे पत्र मामी वाचून दाखवणार, हे धरून चाललो आहे. (मामी, नमस्कार. कुठलंही पत्र तुम्ही आधी स्वतः वाचता आणि मगच मोठ्यानं वाचता, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा जे जे कंसात आहे ते कृपा करून मनातल्या मनात वाचा. त्यांचा डोळा नाजूक आहे आणि माझी अब्रू त्याहून.)

तर मामा, तुम्ही निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण आगारातल्या ड्रायव्हरांच्या ड्यूट्या अजून तुमचाच प्रोग्राम लावतो, हे तुम्हांला माहीत आहेच. आता आमच्याकडे एक नवीन टूल आलंय. जुना प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला की ते तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतं, कुठला भाग कुठल्या भागाला बोलावतो त्याचं चित्र काढतं, आणि ज्या भागाला कुणीच बोलावत नाही तो राखाडी रंगात दाखवतं. मग एक बटण दाबायचं, की राखाडी सगळं साफ. हे टूल मोठ्या साहेबांना आणि चार आगारांच्या मॅनेजरांना दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मीटिंगमध्ये ‘त्यात काय, सोपं आहे’ हे शब्द माझ्या तोंडून निसटले. तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत, की ऑफिसात हे चार शब्द कधी उच्चारायचे नाहीत. नोकरी तुमच्यामुळे लागली, सल्ला मात्र घरी ठेवून आलो.

डेमो गेल्या मंगळवारी, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत. प्रोजेक्टर तोच, डावा कोपरा निळा दाखवणारा. खुर्च्या तीन जातींच्या. मी नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या कॉलरमागचं लेबल काढायचं राहिलं होतं, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. टूल छान चाललं. चित्र उमटलं, चौकोनांतून रेघा निघाल्या, साहेब खुर्चीत पुढे सरकले. आणि एका कोपऱ्यात एकच चौकोन, राखाडी, एकटा. त्याला कुणाचीच रेघ नाही. मी तो उघडला. वर सूचना लिहिलेली: ‘हात लावू नये. कारण विचारायचं असेल तर मला विचारा.’ खाली सही म्हणून दोन अक्षरं. खोलीत हशा पिकला. साहेबांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हणालो, काही कल्पना नाही, फार जुनं आहे.

(मामी, ती दोन अक्षरं मी ओळखणार नाही का? त्यांच्या सायकलच्या मडगार्डवर, त्यांनी मला दिलेल्या कंपासपेटीच्या झाकणावर, सगळीकडे तीच अक्षरं त्यांनी रंगवली होती. आणि मी एवढंच म्हणालो नाही. मी म्हणालो, ‘कोण कुठले गृहस्थ, आता असतील की नसतील, विचारायचं तरी कुणाला?’ यावर जास्त हसले सगळे. मला बरं वाटलं. दोन दिवस आधीच तुमच्या हातचं जेवलो होतो.)

मग मी बटण दाबलं. डेमो अर्थातच नकलेवर चालला होता, हे तुम्ही शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. पण टाळ्या पडल्या आणि साहेब म्हणाले, एवढं छान आहे तर खऱ्यावरच करून टाका ना. टाळ्या ऐकलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, मामा. निदान मला आलं नाही. खऱ्यावरही दाबलं. आता यात टूलची चूक बघा. यंत्राला वाटलं की ज्याला प्रोग्राम बोलावत नाही त्याला कुणीच बोलावत नाही. ड्यूटी सेक्शनच्या बाई दर शनिवारी सगळ्यांच्या ड्यूट्या लावून झाल्या की स्वतःच्या हातानं त्या चौकोनाचं नाव टाइप करून तो चालवतात, वीस वर्षं चालवतायत, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कुठून कळणार?

(कळलं होतं. बटणाच्या वर पिवळी पट्टी येत होती: हा भाग माणसं हातानं चालवत असतील, वापरणाऱ्यांना विचारून घ्या. पडद्यावर ती बरी दिसत नव्हती, म्हणून आदल्या दिवशी मीच ती बंद करून ठेवली.)

शनिवारी बाईंचा फोन आला, की ते चालत नाही. फोन मीच घेतला. त्यांना म्हणालो, बाई, ते निकामी होतं, काढून टाकलंय, त्याच्यावाचून काही अडत नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही म्हणता तर ठीक. दुसऱ्या दिवशी रविवारी मी तुमच्याकडे चहा प्यायलो.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचलो तर बाकावर अकरा ड्रायव्हर बसलेले. मला वाटलं संप. कसला संप! ज्यांनी रात्री शेवटच्या गाड्या आणून लावल्या, त्याच अकरा जणांना पहाटेच्या पहिल्या गाड्या लागल्या होत्या. घरी जाऊन, तोंड धुऊन, परत. अकरा थांब्यांवर माणसं खोळंबली होती आणि इकडे चार जण बसल्या जागी घोरत होते. एकानं उशाला माझ्या डेमोचा गुंडाळलेला बॅनर घेतला होता. त्यांच्यातला सगळ्यांत थोराड, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं आता खाणार. पण तो अगदी हळू म्हणाला, ‘साहेब, डोळे मिटतायत. तरी तुम्ही म्हणत असाल तर काढतो गाडी. फक्त तुम्ही पुढच्या सीटवर बसा.’

मामा, मी बसलो नाही. गाड्या उशिरा सुटल्या, दुसरे ड्रायव्हर आले तेव्हा. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण होऊ शकलं असतं, आणि ते मी टाळ्यांसाठी केलं असतं.

नंतर बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, त्या चौकोनाचं काम एवढंच, की शेवटची गाडी लावणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी द्यायची नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांनी स्वतः एकदा अशी पाठोपाठ ड्यूटी केली होती. स्टिअरिंगवर डुलकी लागली आणि गाडी आगाराच्या भिंतीत गेली. गाडी रिकामी होती म्हणून बरं. त्यानंतर त्यांनी गाडी सोडली, टेबलावर आले आणि हे प्रोग्राम लिहिणं शिकले. मामा, आम्हांला घरी मात्र तुम्ही आजवर सांगत आलात, की पाठदुखीमुळे गाडी सोडली. बाईंनी मला विचारलं, तुम्ही ओळखता का हो त्यांना? मामा, या खेपेला मी हो म्हणालो.

चौकोन परत जागेवर बसवला आहे. टूल काढलेलं फेकत नाही, जपून ठेवतं, माझ्यापेक्षा त्याला अक्कल आहे. प्रकृतीला जपा. थेंब चारदा.

तुमचा (अजून म्हणू द्याल तर) भाचा

ता. क. : साहेबांनी परवा गुरुवारी अकरा वाजता त्याच खोलीत पुन्हा डेमो ठेवलाय, त्याच माणसांसमोर. विषय : काय चुकलं. पिवळी पट्टी चालू ठेवून दाखवणार आहे. तुम्ही यावं ही विनंती. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो, हातांची. काळा चष्मा लावूनच या; तुमचे डोळे कुणाला दिसणार नाहीत, माझे सगळ्यांना दिसतील. राखाडी आणखी चार चौकोन आहेत आणि चारींवर तुमची सही आहे. कारण विचारायचंय.

ता. क. दुसरा : मामी, वर कंसात जे जे मनातल्या मनात वाचा म्हटलंय, ते सगळं मोठ्यानं वाचा. तो ‘असतील की नसतील’चा कंससुद्धा. सावकाश वाचा, गाळू नका. वाचून झाल्यावर मामांनी विचारलं, हे गृहस्थ कोण, तर तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही एवढंच सांगा, की भाचा आहे, पत्र दाराखालून सरकवलंय आणि मघापासून खाली जिन्यात बसलाय.